आखाजीचे दान आणि आई-वडिलांचा रतीब

वैशाख शुद्ध तृतीया म्हणजे अक्षय्य तृतीया. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक मुहूर्त असून या तिथीस केलेले दान व पितृतर्पण क्षय पावत नाही, अशी आपल्या पूर्वजांची श्रद्धा आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांत, किंबहुना अवघ्या खानदेशात, हीच तिथी ‘आखाजी’ या जिव्हाळ्याच्या नावाने ओळखली जाते. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, घरात गौराई बसते, खापरावरच्या पुरणपोळीचा आणि आमरसाचा बेत होतो. आणि घरोघर पितरांच्या नावाने पाण्याची नवी घागर भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवण्यात येते.

शेतकऱ्यांच्या घरांत आखाजीला आणखी एक महत्त्व आहे. सालदाराचे साल येथे आखाजीपासून आखाजीपर्यंत मोजण्याची रीत चालत आलेली आहे. या दिवशी दिलेला शब्द वर्षभर पाळावयाचा असतो. एका दिवसाच्या उत्साहापेक्षा वर्षभर टिकणाऱ्या जबाबदारीची आठवण करून देणारा असा हा सण आहे.

दिवंगत पितरांची घागर आपण श्रद्धेने भरतो; ती भरलीच पाहिजे. परंतु ज्यांच्या हातून ती भरण्यास आपण शिकलो, ते आई-वडील हयात असतील तर त्यांच्या ताटात रोज काय पडते, हा प्रश्नही याच दिवशी आपण स्वतःला विचारावा, असे आम्हांस वाटते. खानदेशातील असंख्य घरांतील मुले आज पुणे, मुंबई, नाशिक, सुरत येथे नोकरी-व्यवसायासाठी स्थायिक झाली आहेत. गावी उरतात ती दोन म्हातारी माणसे, आणि कित्येक घरांत तर एकच. दोघांपुरता स्वयंपाक रोज नव्याने करणे जिवावर येते. मग सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भाकरीबरोबर थोडे वरण आणि रात्री कपभर दूध, एवढ्यावर दिवस निघतो. फोनवर विचारले तर “आमचं बरं चाललंय” हेच उत्तर येते. प्रथिने कमी पडल्यामुळे स्नायू झिजत जातात, तोल जाऊ लागतो, आणि एखाद्या पडण्याने माणूस कायमचे अंथरूण धरतो. ही झीज वर्षानुवर्षे चालते आणि लांब राहणाऱ्या मुलांच्या लक्षात ती फार उशिरा येते.

यावर उपाय म्हणून पौष्टिक पदार्थांची पेटी दरमहा आई-वडिलांच्या घरी पोहोचावी, अशी व्यवस्था हल्ली पुष्कळ मुले करतात. शहरातील मंडळी तिला ‘सबस्क्रिप्शन बॉक्स’ म्हणतात. दुधाचा रतीब आपल्या घरांना नवा नाही. ही पेटी म्हणजे पौष्टिक अन्नाचा महिनेवारी रतीबच होय. कल्पना चांगली आहे. मात्र रतीब कोणता लावावा, हे जाहिरातीवरून न ठरविता आई-वडिलांकडे पाहून ठरविले पाहिजे.

गीतेने दिलेल्या कसोट्या

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात अठरा रविवारी विनोबाजींनी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे खानदेशाचे भाग्य सर्वश्रुत आहे. त्या गीतेच्या सतराव्या अध्यायात आहार आणि दान या दोहोंचाही विचार आला आहे. आयुष्य, बल व आरोग्य वाढविणारा आहार तो सात्त्विक. आणि योग्य देशी, योग्य काळी, योग्य पात्राला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेले दान ते सात्त्विक. आई-वडिलांना द्यावयाच्या भेटीलाही देश, काल व पात्र या तीन कसोट्या तंतोतंत लागू पडतात.

पात्राचा विचार आपण आधी करू, कारण पेटी निवडताना तोच सर्वांत अधिक राहून जातो. वडिलांना मधुमेह असेल, तर ‘साखरविरहित’ असे छापलेले खजुराचे वा गुळाचे लाडू त्यांना निर्धोक ठरत नाहीत. गूळ, मध आणि खजूर यांनीही रक्तातील साखर वाढते. आईला रक्तदाबाचा विकार असेल, तर भाजलेले असले तरी खारवलेले दाणे, पापड, लोणची व शेव पेटीत नसावीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभराहून कमीच मीठ खावे, आणि त्यात सर्व पदार्थांतले मीठ धरावयाचे आहे. मूत्रपिंडाचा विकार असल्यास तर अधिकच सावध राहावे. कमी सोडियमचे म्हणून विकल्या जाणाऱ्या मिठात बहुधा पोटॅशियम असते आणि अशा रुग्णास ते घातक ठरू शकते. २०१६ साली भौगोलिक मानांकन लाभलेले आपले जळगावचे केळे गुणांनी कितीही थोर असले, तरी पोटॅशियममुळे या रुग्णांना तेही वैद्याला विचारूनच द्यावे लागते. म्हणून पहिली पेटी मागविण्यापूर्वी आई-वडिलांच्या गोळ्यांची यादी घेऊन त्यांच्या डॉक्टरांशी एकदा बोलावे.

दातांचाही विचार करावा. चिक्की, अख्खे बदाम, कडक लाडू हे पदार्थ तरुणांच्या आवडीचे. कवळी असलेल्या माणसाने ते डब्यात ठेवून द्यावेत आणि नातवंडे आली की त्यांच्या हाती द्यावेत, हे ठरलेलेच. त्यापेक्षा भाजलेल्या डाळ्यांचे पीठ, मूगडाळ, नाचणीचे सत्त्व, राजगिऱ्याच्या लाह्या, जवसाची वा तिळाची बेताच्या मिठाची चटणी हे पदार्थ पोटात जाण्याची शक्यता पुष्कळ अधिक. उतारवयात वजनाच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे १ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. १०० ग्रॅम मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिने असतात. साध्या वरणाची वाटी घट्ट केली, तरी पुष्कळ काम होते.

देश आणि काल

देश म्हणजे पेटी जेथे जावयाची ते ठिकाण. वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो. अशा उन्हात सुकामेवा, तेलबिया आणि तुपातले लाडू वाटेतच खवट होऊ शकतात. उन्हाळ्यात पेटी लहान मागवावी, किंवा पंधरवड्याने मागवावी. पेटी उचलून आणण्यास कोण आहे, ती फोडण्यास कात्री लागते की विळी, बरणीचे झाकण संधिवाताच्या बोटांनी उघडते का, हेही पाहावे.

देशाच्या कसोटीत जिभेची ओळखही येते. ज्यांनी आयुष्यभर दादर ज्वारीची आणि कळण्याची भाकरी खाल्ली, त्यांना परदेशी धान्याचे पाकीट अनोळखीच वाटणार. जळगावच्या डाळ गिरण्यांचा माल देशभर जातो. तीच डाळ आई-वडिलांना दरमहा निवडून, स्वच्छ करून मिळावी यासाठी दूरच्या कंपनीचीच गरज आहे असे नाही. गावातील किराणा दुकानदार वा महिला बचत गट ठरलेल्या यादीप्रमाणे महिन्याच्या ठरावीक तारखेस माल घरी पोहोचवू शकतो. पेटी देणारा माणूस ओळखीचा असला, तर तो दाराशी दोन शब्द बोलतो आणि दार उघडले गेले नाही तर आपल्याला कळवितोही.

काल म्हणजे व्रतवैकल्यांचे पंचांग. एकादशी करणाऱ्या आईच्या पेटीत राजगिरा, शिंगाड्याचे पीठ, स्वच्छ व बंद पाकिटातील भगर असावी. मात्र मधुमेहाच्या गोळ्या वा इन्सुलिन चालू असताना उपवास करावयाचा, तर औषधाची मात्रा वैद्याला आधी विचारलीच पाहिजे. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत चातुर्मासात कांदा, लसूण व वांगे वर्ज्य करणारी घरे आपल्याकडे पुष्कळ आहेत. तयार सूप, खिचडी वा मसाल्याच्या पाकिटात कांदा-लसणाची पूड सर्रास असते. तिचा उल्लेख घटकांच्या बारीक छापील यादीत असतो, आणि ती यादी वाचण्याइतकी दृष्टी आईला असतेच असे नाही. ती आपणच वाचावी.

व्यवहारातील सावधगिरी

पाकिटावर घटकांची नावे वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे बंधनकारक आहे. पहिल्या तिनांत साखर, मैदा वा पामतेल आले, तर वरचे ‘पौष्टिक’ हे शब्द विसरावेत. शाकाहाराचे हिरवे चिन्ह, चौदा आकडी परवाना क्रमांक आणि टिकण्याची मुदत पाहावी. ‘हेल्थ ड्रिंक’ या संज्ञेची व्याख्या आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात नाही, असे केंद्रीय प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये स्पष्ट केले आहे, हेही ध्यानी असावे. पेटीच्या किमतीला आतल्या मालाच्या वजनाने भागावे. दीड किलो मालाला १,५०० रुपये पडत असतील, तर किलोला हजार रुपये आपण कशाचे मोजतो, हे समोर येते.

आरंभी वर्षाचे पैसे भरू नयेत; एका महिन्याची पेटी मागवून पाहावी. रतीब लावणे सोपे आणि बंद करणे अवघड, अशी रचना काही ठिकाणी असते. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत अशा सापळ्यास मनाई करण्यात आली आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. पैसे आपल्या खात्यातून जावेत. आई-वडिलांच्या खात्याचा वा मोबाइलवर येणाऱ्या गुप्त आकड्याचा त्याच्याशी संबंध नसावा.

लेकींनी एवढे करावे

आखाजीला माहेरी आलेल्या लेकीइतके हे काम कोणालाही साधणार नाही. दोन दिवस आईच्या स्वयंपाकघरात वावरताना तिला सर्व दिसते: कोणता डबा रिकामा होतो, कोणते पाकीट फोडलेलेच नाही, वडील कोणती भाजी बाजूला सारतात, दुपारी पाणी किती प्यायले जाते. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, म्हणून खानदेशाच्या उन्हात हे शेवटचे विशेष पाहावे. मग आईशेजारी बसून तिलाच विचारून यादी करावी. “तुला काय पाठवू?” असे विचारले, तर आई “काही नको” म्हणेल. “या चटणीपैकी जवसाची की तिळाची?” असे विचारले, तर ती सांगेल. यादी भावाला द्यावी, भावजयीला दाखवावी, आणि खर्च भावंडांनी वाटून घ्यावा. दर महिन्याला पेटी पोहोचली की फोन करावा. पेटी मिळाली का एवढ्यावर न थांबता मागच्या पेटीतले काय उरले तेही विचारावे. जे उरते ते पुढच्या यादीतून काढावे.

मुलांच्या भेटीची जागा कोणतीही पेटी घेऊ शकत नाही, हे सांगावयास नको. परंतु दोन भेटींमधले जे दीर्घ महिने असतात, त्या महिन्यांत आई-वडिलांच्या ताटात घासभर सकस अन्न पडत राहावे, एवढे तिच्या हातून होऊ शकते. या आखाजीला घागर भरून पितरांना नमस्कार केल्यावर घरातील वडीलधाऱ्यांच्या पाया पडावे आणि त्यांच्या वर्षभराच्या अन्नाची जबाबदारी एखाद्याने नाव घेऊन पत्करावी. पुढच्या आखाजीला त्या शब्दाचा हिशेब आपला आपणच घ्यावा.