खाडीच्या गाळाचे वय

विहार तलावाच्या सांडव्यापासून निघून सुमारे १८ किलोमीटर वाहत माहीमच्या खाडीला मिळणारी मिठी नदी पवई, कुर्ला आणि धारावी ओलांडताना जो गाळ बरोबर आणते, त्याची मोजणी सहसा ट्रकच्या खेपांनी आणि टनांनी होते. या हिशेबातून उपसलेला गाळ कळतो, पण तो साचण्याचा वेग कळत नाही. तो वेग काढायचा तर गाळाच्या थरांचे वय ठाऊक असावे लागते, आणि गेल्या शे-दीडशे वर्षांपुरते ते वय सांगणारे सर्वांत उपयोगी साधन म्हणजे शिसे-२१० हा किरणोत्सारी, म्हणजे आपोआप किरणे सोडत क्षीण होत जाणारा, शिशाचा प्रकार होय.

जमिनीतल्या खडकांत अत्यल्प प्रमाणात असलेल्या युरेनियमपासून टप्प्याटप्प्याने रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन हा वायू तयार होतो. हा वायू जमिनीतून हवेत निसटतो, तेथे त्याचे रूपांतर होत होत शिसे-२१० बनते, आणि ते पावसाबरोबर व धुळीबरोबर खाली येऊन गाळाच्या कणांना घट्ट चिकटते. त्याचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे २२ वर्षांचे असते. तळाशी नळी दाबून चिखलाचा उभा गाभा काढला जातो, त्याचे एक-एक सेंटिमीटरचे काप करून वाळवले जातात, आणि प्रत्येक काप गॅमा किरणे टिपणाऱ्या उपकरणासमोर तासन् तास, प्रसंगी काही दिवस ठेवला जातो, कारण शिसे-२१० चा गॅमा किरण फार दुबळा असतो. गाळाच्या कणांत मुळातच असलेल्या रेडियममुळे निर्माण होणारा शिशाचा वाटा वजा केल्यावर, उदाहरणार्थ, ११ सेंटिमीटर खोलीवर उरलेले प्रमाण वरच्या थराच्या निम्मे भरले, तर वर्षाला सरासरी अर्धा सेंटिमीटर गाळ बसला, असे साधे गणित निघते.

या गणिताचा पडताळा घेण्यासाठी सीझियम-१३७ वापरतात. सीझियमचे हे रूप निसर्गात नव्हते. वातावरणातील अण्वस्त्र चाचण्यांमुळे ते १९५० च्या दशकात जगभर पसरले आणि १९६३ च्या सुमारास त्याचा वर्षाव कळसाला पोहोचला, त्यामुळे गाभ्यात ज्या थरात त्याचे प्रमाण सर्वाधिक असते तो थर त्या सुमाराचा धरता येतो. खाऱ्या पाण्यात मात्र सीझियम कणांना कमी चिकटते आणि बरेचसे पाण्यातच राहते, म्हणून खाडीत ही खूण गोड्या पाण्याच्या तलावाइतकी ठळक उमटत नाही.

खाऱ्या सरोवराशी तुलना केल्यास माहीमची अडचण अधिक स्पष्ट होते. लोणारच्या सरोवरातून पाणी बाहेर वाहत नाही, त्यामुळे आत आलेला गाळ तेथेच राहतो, आणि तेथून काढलेल्या सुमारे १० मीटरच्या गाभ्यातून गेल्या सुमारे ११ हजार वर्षांच्या पावसाळ्यांचा मागोवा घेता आला. एवढ्या दीर्घ काळासाठी अर्थातच शिशाचा उपयोग नसतो, तेथे ५,७३० वर्षांचे अर्धायुष्य असलेला कार्बन-१४ लागतो. खाडीत उधाणाची भरती चिखल ढवळते, किडे आणि खेकडे बिळे करून थर एकमेकांत मिसळतात, आणि उपसा झाला की वरची पानेच गहाळ होतात.

पण उपसलेला गाळ पुन्हा समुद्रात टाकला, तर तो जातो कोठे? येथे दुसरी पद्धत लागू पडते. स्कँडियम मिसळलेल्या काचेची, गाळाच्या कणांएवढी बारीक पूड अणुभट्टीत किरणोत्सारी करून तळाशी सोडायची आणि होडीमागून तळावर ओढल्या जाणाऱ्या संवेदकाने तिचा माग काढायचा, अशी ही रीत आहे. स्कँडियम-४६ चे अर्धायुष्य सुमारे ८४ दिवसांचे असल्याने ते एका मोसमाचे निरीक्षण पुरवून नंतर क्षीण होते. तुर्भे येथील अणुसंशोधन संस्थेने, म्हणजे जिला १९६७ मध्ये भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव मिळाले तिने, मुंबई बंदरासह देशातील अनेक बंदरांत हे प्रयोग केले, आणि गाळ कोठे टाकावा म्हणजे तो परत जलमार्गात येणार नाही, हा बंदराच्या खर्चाशी थेट निगडित प्रश्न त्यांतून सोडवला गेला.

माहीमच्या खाडीवरचा सेतुमार्ग १८४५ मध्ये वाहतुकीस खुला झाला, आणि तेवढा जुना थर शिसे-२१० च्या आवाक्याबाहेर पडतो. पण स्वातंत्र्योत्तर भराव, वांद्रे-कुर्ला संकुलाची उभारणी आणि २६ जुलै २००५ च्या ९४४ मिलिमीटर पावसाने आणलेला गाळ हे सारे त्याच्या कक्षेत येते. असा गाभा मिळण्याची सर्वाधिक शक्यता पात्राच्या मध्यभागी नव्हे, तर काठच्या तिवरांखालच्या, उपसा न झालेल्या चिखलात असते. त्या तिवरांचा मोठा भाग आधीच भरावाखाली गेला आहे, म्हणून उरलेल्या पट्ट्यातील गाभे पुढच्या उपशापूर्वी काढून ठेवले पाहिजेत.