पाहुण्याचा रुपया गावात किती फिरतो?

कोकणात एके काळी पोस्टमनची वाट फार आतुरतेने पाहिली जाई. घरचा कर्ता पुरुष मुंबईच्या गिरणीत. त्याची मनीऑर्डर आली म्हणजे वाण्याची उधारी फिटायची, मुलांच्या हाती पाटी-पुस्तके पडायची. १९८२ साली गिरण्यांचा मोठा संप झाला, पुढे एकेक गिरणी बंद पडत गेली आणि हा झरा आटू लागला.

१९८१ साली रत्नागिरीपासून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ साली चिपीला विमानतळ झाला, आणि २०२५ साली सिंधुदुर्ग व विजयदुर्ग हे किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. पूर्वी माणूस बाहेर जाऊन पैसा पाठवी. आता पैसा खिशात घालून बाहेरचा माणूसच गावात येतो.

हा व्यापार मोठा गमतीचा आहे. हापूस आंबा विकायचा तर पेटी भरून बाजाराला धाडावी लागते. पर्यटनात माल जागेवरच राहतो. तारकर्लीचा समुद्र किंवा मालवणजवळचा शिवछत्रपतींचा जलदुर्ग कोणी उचलून नेत नाही. गिऱ्हाईकच मालाकडे येते आणि पैसे ठेवून जाते. पण ते पैसे गावात राहतात का? खरा प्रश्न हाच आहे.

आता असे पहा. एक कुटुंब तारकर्लीला उतरले. गावातल्याच एका घरी त्यांनी खोली घेतली. घरधनिणीने सकाळी मासेवालीकडून बांगडे घेतले, शेजारच्या वाडीतून नारळ आणले, घरच्या कोकमांची सोलकढी केली. कुडाळ स्टेशनावरून आणणारा रिक्षावाला गावचा, किल्ल्यावर नेणारा होडीवाला गावचा. मासेवाली मिळालेल्या पैशांतून तांदूळ घेते, होडीवाला सुताराला मजुरी देतो. एकच रुपया चार चुलींना ऊब देत जातो.

दुसरे कुटुंब मोठ्या हॉटेलात उतरले, असे समजा. मालक शहरातला, व्यवस्थापक बाहेरचा, भाजी घाटावरून आलेली. गावातल्या दोघातिघांना झाडलोटीचे काम मिळाले. बाकीचा रुपया आल्या वाटेने परत गेला.

थोडा हिशोब करू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. पाहुण्याने शंभर रुपये खर्चले. प्रत्येक हातातून त्यातला साठ टक्के भाग पुन्हा गावातच खर्च होत असेल, तर शंभराचे पुढे साठ, साठाचे छत्तीस, असे करीत एकूण अडीचशे रुपयांची उलाढाल होते. वीस टक्केच गावात राहत असेल, तर उलाढाल सव्वाशेवर थांबते. पाहुणा तोच, शंभर रुपयेही तेच, फरक गळतीचा. अर्थशास्त्रात याला ‘गुणक’ म्हणतात. आपण साध्या भाषेत म्हणू, कळशी गळकी असली तर विहीर भरलेली असून काय उपयोग?

म्हणून किती पाहुणे आले एवढेच मोजू नका; त्यांच्या पानातले किती गावचे होते तेही मोजा. ‘निवास व न्याहरी’ योजनेचे महत्त्व याच दृष्टीने आहे. घरची एखादी खोली नीटनेटकी करून पाहुण्यांना देता येते. न्याहरीला पावाऐवजी घावन किंवा आंबोळी दिली, तर पैसा गावच्या तांदळाला मिळतो. परतताना पाहुण्याच्या पिशवीत मालवणी खाजे आणि सावंतवाडीची लाकडी खेळणी गेली, तर हलवाई आणि चिताऱ्याचे घरही चालते.

यात धोके नाहीत असे मात्र नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की किल्ल्याची होडी बंद. २०२० साली टाळेबंदीत पाहुणे एकाएकी थांबले. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने किनाऱ्याला तडाखा दिला. शेती, बागायत, मासेमारी सोडून सगळा भार पाहुण्यांवर टाकणे शहाणपणाचे नव्हे. पर्यटन हे जोडपीक आहे, असे समजावे. ऐन मे महिन्यात विहिरींचा तळ दिसतो तेव्हाच पाहुण्यांची गर्दी असते; म्हणून पाण्याचा आणि कचऱ्याचा विचार गावाने आधीच करावा. किनारा घाण झाला की गिऱ्हाईक गेलेच म्हणा.

सर्वांत मोठा धोका जमिनीचा. किनाऱ्यालगतच्या जमिनीला चांगला भाव येतो आणि मोह पडतो. खोली भाड्याने दिली तर दरसाल उत्पन्न येते. जमीन विकली तर पैसा एकदाच येतो. लग्नकार्यात आणि घरबांधणीत तो केव्हा संपला ते कळतही नाही. मग ज्या बागेत आजोबांनी माड लावले, तिच्याच फाटकावर नातवाने राखणदार म्हणून उभे राहायचे काय? सही करण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी बसून याचा विचार करावा.

शिक्षकबंधुभगिनींनो, हा हिशोब वर्गात करून घेण्याजोगा आहे. मुलांना सांगा, पाहुण्याच्या शंभर रुपयांतले किती आपल्या गावात राहिले, किती बाहेर गेले, याची यादी करून आणा. त्या यादीत जी वस्तू बाहेरून आलेली दिसेल, ती गावात पिकवता किंवा बनवता येईल का, हा पुढचा प्रश्न विचारा. गावाचे अर्थशास्त्र मुलांना तेथूनच समजू लागेल, आणि कदाचित एखाद्याला मुंबईची वाट धरण्याऐवजी गावातच धंदा सापडेल.