मॉडेल काय सांगते, काय सांगत नाही

वित्तशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला लग्नाच्या पंगतीतही एक प्रश्न हमखास येतो, ‘सर, मार्केट कुठे जाईल?’ एवढी गणिते येतात म्हणजे उत्तरही ठाऊक असणार, असे विचारणाऱ्याला मनापासून वाटते. बाजारात हात पोळलेला माणूस मात्र ही सगळी मॉडेल्स थोतांड आहेत, असे म्हणून मोकळा होतो. मॉडेल म्हणजे भविष्य सांगणारे यंत्र, हा दोघांचाही समज. प्रत्यक्षात मॉडेल म्हणजे काही गोष्टी गृहीत धरून मांडलेला हिशेब असतो. ती गृहीतके नजरेआड झाली, की भल्याभल्यांची फसगत होते. म्हणून पुढचे पाच गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज १ : कॅल्क्युलेटरने दाखवलेली रक्कम आपल्याला मिळणार

वस्तुस्थिती : एसआयपी कॅल्क्युलेटरमध्ये दरमहा १०,००० रुपये, मुदत २० वर्षे आणि परतावा १२ टक्के असे भरले, की पडद्यावर जवळपास १ कोटी रुपये झळकतात. आपण भरलेले असतात २४ लाख. आता बाकी सगळे तसेच ठेवून १२ च्या जागी ८ भरून पाहा. आकडा थेट ५९ लाखांवर येतो. म्हणजे चार टक्क्यांच्या फरकाने ४० लाख गेले. ते १२ टक्के कुणी ठरवले होते? आपणच भरले होते, किंवा ॲपने आधीच भरून ठेवले होते. त्यात महागाई वर्षाला ६ टक्के धरली, तर २० वर्षांनंतरच्या त्या १ कोटीत आजच्या ३१ लाखांएवढीच खरेदी होईल. कॅल्क्युलेटरचे गणित चोख आहे, पण बाजार १२ टक्के देईल अशी हमी त्याने दिलेली नाही.

गैरसमज २ : सरासरी परतावा म्हणजे हातात पडणारा परतावा

वस्तुस्थिती : एक लाख रुपये गुंतवले. पहिल्या वर्षी ५० टक्के वाढ झाली आणि दीड लाख झाले. दुसऱ्या वर्षी ५० टक्के घट झाली, उरले ७५,०००. दोन वर्षांची सरासरी शून्य टक्के, खिशातून मात्र २५,००० गेले. वाढ लहान रकमेवर झाली आणि घट मोठ्या रकमेवर, म्हणून हे झाले. निम्म्यावर आलेला शेअर मूळ भावाला पोहोचायला १०० टक्के वाढावा लागतो. म्हणून साध्या सरासरीवर न थांबता चक्रवाढ वार्षिक परतावा विचारावा.

गैरसमज ३ : मोठ्या विद्वानांचे मॉडेल फसत नाही

वस्तुस्थिती : फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी १९७३ मध्ये ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याच्या किंवा विकण्याच्या हक्काची, किंमत काढण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. रॉबर्ट मर्टन यांनी त्याला भक्कम गणिती बैठक दिली. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. ब्लॅक १९९५ मध्येच वारले होते. हे दोन्ही नोबेल विजेते ‘लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ या अमेरिकी फंडाचे भागीदार होते. एकसारख्या रोख्यांच्या भावांत पडलेले छोटे अंतर कालांतराने मिटते, या अनुभवावर हा फंड पैसे लावी. अंतर इतके बारीक असे, की नजरेत भरणारा नफा हवा तर प्रचंड कर्ज काढावे लागे. १९९८ च्या सुरुवातीला स्वतःच्या प्रत्येक डॉलरमागे फंडाकडे सुमारे २५ डॉलरची मालमत्ता होती, आणि ती बहुतांश उसन्या पैशावर.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये रशियाने कर्जफेड थांबवली. जगभरचे गुंतवणूकदार धास्तावून सर्वांत सुरक्षित रोख्यांकडे धावले आणि मिटायचे ते अंतर उलट रुंदावत गेले. पुढे कधीतरी ते मिटलेही असते, पण उसन्या पैशावर खेळणाऱ्याला थांबायची मुभा नसते. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने १४ बँका आणि वित्तसंस्थांनी ३.६ अब्ज डॉलर ओतले, तेव्हा पडझड आवरली. ऑप्शनचे सूत्र आजही जगभर वापरतात. धोका होता तो सगळे एकदम विकायला निघणार नाहीत, या गृहीतकात.

गैरसमज ४ : बाजाराचे नियम निसर्गाच्या नियमांसारखेच असतात

वस्तुस्थिती : दोन्हींचे गणित जवळचे आहे, हे खरे. लुई बाशेलिए यांनी १९०० मध्ये पॅरिसला सादर केलेल्या प्रबंधात भावांच्या चढउताराला यादृच्छिक हालचालीचे गणित लावले. पाच वर्षांनी आइनस्टाइन यांनी द्रवात तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांसाठी त्याच धाटणीचे गणित मांडले. पण आपल्यावर कुणी प्रबंध लिहिला, हे कणाला कळत नाही. गुंतवणूकदाराला कळते, आणि तो आपले वागणे बदलतो.

१९८० च्या दशकात अमेरिकेत ‘पोर्टफोलिओ इन्शुरन्स’ नावाची पद्धत रुजली. भाव उतरू लागले, की ठरलेल्या हिशेबाने विकत जायचे. एकट्यादुकट्याने केले, तर तोटा आटोक्यात राहतो. १९ ऑक्टोबर १९८७ रोजी अनेक बड्या संस्था एकाच वेळी त्याच हिशेबाने विकू लागल्या. विक्रीने भाव पडले आणि पडलेल्या भावाने आणखी विक्री ओढवली. घसरणीला इतरही कारणे होती, पण या चक्राने ती वाढवली. डाऊ जोन्स निर्देशांक त्या एका दिवसात २२.६ टक्के कोसळला.

गैरसमज ५ : मॉडेल एकदा चुकले, की ते टाकाऊ

वस्तुस्थिती : याचे उत्तर आपल्या मॉन्सूनच्या अंदाजात सापडते. १९८७ च्या दुष्काळानंतर, १९८८ पासून, भारतीय हवामान विभाग डॉ. वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचे १६ घटकांचे मॉडेल वापरू लागला. समुद्राचे तापमान, बर्फाचे आच्छादन, हवेचा दाब, वारे अशा घटकांवरून मोसमाचा एकूण पाऊस काढला जाई. पुढे सलग तेरा-चौदा वर्षे देशाचा पाऊस सर्वसाधारण किंवा त्याहून जास्त राहिला आणि मॉडेलवरचा विश्वास वाढत गेला. २००२ मध्येही अंदाज सर्वसाधारण पावसाचाच होता. प्रत्यक्षात जुलैचा पाऊस जवळपास निम्म्यावर आला आणि मोसमाचा एकूण पाऊस सरासरीच्या ८१ टक्के भरला.

त्या चांगल्या वर्षांत दुष्काळ पडलाच नव्हता. त्यामुळे दुष्काळ ओळखता येतो की नाही, याची परीक्षाही झाली नव्हती. चढत्या बाजारात नाव कमावलेल्या फंडाचीही गत हीच असते. हवामान विभागाने मात्र काम सोडले नाही. काही घटकांचा पावसाशी असलेला संबंध क्षीण झाल्याचे दिसले, म्हणून २००३ पासून ८ आणि १० घटकांची नवी मॉडेल्स आली आणि अंदाज दोन टप्प्यांत देण्यास सुरुवात झाली. २०१२ पासून ‘मॉन्सून मिशन’मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने वातावरण आणि समुद्र यांचे एकत्र गणित करणारी मॉडेल्स पुढे नेली. एप्रिलमधल्या अंदाजासोबत आज पाच टक्के कमी-अधिक अशी चूकही जाहीर होते. चूक कबूल करून मॉडेल सुधारणे, हेच विज्ञानाचे रोजचे काम आहे.

आयुष्यभराची पुंजी लावताना आपणही एवढीच शिस्त पाळावी. प्रतिनिधीने रंगीत आलेख पुढे ठेवला, की तीन गोष्टी विचाराव्यात. यात काय गृहीत धरले आहे? ते चुकले तर आकडा किती खाली येईल? वाईट काळ मध्येच आला, तर मला थांबायची सोय आहे का, की पैसे मोडावे लागतील? या प्रश्नांना गणिताची पदवी लागत नाही. आणि त्यांची उत्तरे न देता सही मागणाऱ्याला सही देऊ नये.