तहान : कोरड्या घशाचा शब्द

‘तहान’ म्हटले की पाणीच आठवते, परंतु या शब्दाच्या मुळाशी पाणी नसून कोरडेपणा आहे. संस्कृतातील ‘तृष्’ या धातूपासून तृषा आणि तृष्णा हे शब्द झाले, आणि हा धातू ज्या प्राचीन भारत-युरोपीय मूळरूपातून आला त्याचा अर्थ ‘सुकणे’ असा होता. म्हणूनच फारसीतील ‘तिश्ना’, म्हणजे तहानलेला, इंग्रजीतील ‘थर्स्ट’ आणि जर्मनमधील ‘डुर्स्ट’ ही त्याची भावंडे ठरतात, इतकेच नव्हे तर चहात बुडवला जाणारा टोस्टही, ‘भाजून कोरडे करणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदामार्गे, याच कुळातला निघतो. हिंदीतील ‘प्यास’ मात्र वेगळ्या घराण्याची आहे, कारण ती ‘पिपासा’, म्हणजे पिण्याची इच्छा, या शब्दावरून आली. प्यास मागणी सांगते, तहान घशाला पडलेली कोरड सांगते. शब्द म्हणून तहान अधिक सच्ची वाटते ती यामुळेच.

तृष्णेची तहान होण्याचा प्रवास विलक्षण देखणा आहे. संस्कृतातील ‘ष्ण’ प्राकृतात ‘ण्ह’ होतो; या नियमाने ‘उष्ण’चे ‘उण्ह’ होऊन त्यातून मराठीतील ऊन आले आणि ‘तृष्णा’चे ‘तण्हा’ झाले, म्हणजे ऊन आणि तहान एकाच वाटेने मराठीत पोहोचली. जुन्या मराठीत तहानेला ‘तान्ह’ आणि तहानलेल्याला ‘तान्हेला’ म्हणत. पुढे ‘न’ आणि ‘ह’ यांनी आपसात जागा बदलल्या, ज्याला व्याकरणात वर्णविपर्यय म्हणतात, आणि ‘तहान’ हे रूप रुळले. ‘श्लक्ष्ण’, म्हणजे गुळगुळीत, नाजूक, या शब्दाचे प्राकृतातील ‘लण्ह’ होऊन मराठीत ‘लहान’ झाले, तेही असेच. कोकणीत ‘ह’ गळून ‘तान’ उरली.

मराठीने झिजलेला शब्द देहासाठी ठेवला आणि मनाच्या हव्यासासाठी ‘तृष्णा’ हे मूळ रूप पुन्हा उचलले. पालीत ‘तण्हा’ हा एकच शब्द दोन्ही अर्थ वाहतो, आणि चार आर्यसत्यांपैकी दुसऱ्यात बुद्धाने दुःखाचे कारण म्हणून त्याच शब्दाकडे बोट दाखवले. हे दोन अर्थ किती जुन्या काळापासून एकमेकांना लगटून आहेत, हे ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील 89 व्या सूक्तात दिसते : तेथे वसिष्ठ पाण्याच्या मध्यभागी उभे असूनही तृष्णेने गाठलेले आहेत, आणि ते वरुणाकडे पाणी नव्हे, दया मागतात.