कसावाची आई

साबुदाण्याची खिचडी आवडते ना? हा साबुदाणा कसावा नावाच्या झुडपाच्या कंदांपासून बनतो. आपल्याकडचा पुष्कळसा साबुदाणा तमिळनाडूत, सेलमच्या आसपास तयार होतो. पण कसावाचं माहेर फार लांब, दक्षिण अमेरिकेत, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात आहे. आणि तिथल्या आचुआर बायका म्हणतात, कसावा आमचं लेकरू आहे!

इक्वेडोर आणि पेरू या देशांच्या सीमेवर जे घनदाट जंगल आहे, तिथे आचुआर लोक राहतात. १९७६ साली फिलिप देस्कोला हे फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ आपल्या पत्नीसोबत तिथे मुक्कामाला गेले, आणि त्यांना नात्यांचं मोठंच जाळं दिसलं. पुरुष शिकारीला जातात, तेव्हा जंगलातल्या प्राण्यांना मेहुणे मानतात. बागेतली रोपं मात्र बायकांची मुलं.

मूल म्हटलं की गाणं आलंच. आचुआर बाई कसावासाठी ‘आनेंत’ म्हणते. पुष्कळदा तर ओठही हलत नाहीत. गाणं मनातल्या मनात म्हटलं तरी रोपाला पोचतं, असा तिचा विश्वास आहे. ही गाणी फार जपली जातात. आई ती मुलीला शिकवते, परक्यांना सहसा ऐकवत नाही.

या नात्यामागची गोष्ट मला फार आवडते. पूर्वी म्हणे माणसांकडे बागाच नव्हत्या. भुकेल्या बायकांना एकदा नदीतून वाहत येणारी कसावाची सालं दिसली. त्यांचा माग काढत त्या वर गेल्या, तर तिथे बागांची देवता नुंकुई भेटली. तिने आपली छोटी मुलगी त्यांच्यासोबत पाठवली. या मुलीने नुसतं नाव उच्चारलं, की कसावा हजर, केळी हजर! पण गावातल्या पोरांनी तिला छळलं, तिच्या डोळ्यांत राख टाकली. ती रुसली, एका पोकळ बांबूत शिरली आणि जमिनीखाली निघून गेली. तेव्हापासून बागेत घाम गाळावा लागतो.

आता सगळीच लेकरं काही गुणी नसतात. कसावाची पानं माणसाचं रक्त शोषतात, तान्ह्या बाळांना तर फारच जपावं लागतं, असं आचुआर मानतात. म्हणून लागवडीच्या वेळी बाई शेंदरीच्या बियांचा लालभडक रंग पाण्यात कालवते आणि ते पाणी कसावाच्या कांड्यांवर ओतते. रक्ताऐवजी हे पी बाबा! पानं रक्त पीत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे. पण आई व्हायचं तर भरवावंही लागतं आणि दटावावंही लागतं, हे त्या बाईला पक्कं ठाऊक आहे.

कांड्याच का? कारण कसावा उसासारखा बेण्यातून लावतात. कंद उपटले, की त्याच झाडाची कांडी तोडून लगेच मातीत खोचायची. तिला नवी मुळं फुटतात. हे नवं झाड जुन्याची अगदी हुबेहूब नक्कल असतं, गुणांत तसूभरही फरक नाही.

मग कसावाचे इतके वाण आले कुठून? इथे मुंग्या मदतीला येतात. कसावाला फुलंही येतात आणि बियाही धरतात. मुंग्या त्या बिया ओढून नेतात आणि जमिनीत पुरतात. तिथे त्या कित्येक वर्षं झोपून राहू शकतात. पुढे शेतीसाठी जंगल तोडून जाळलं, की ऊन लागून जमीन तापते आणि बिया जाग्या होतात. या रोपांचे आई-बाप दोन वेगळी झाडं असू शकतात, त्यामुळे प्रत्येक रोप नव्या गुणांचं निघतं.

अ‍ॅमेझॉनच्या उत्तरेला गयानामध्ये माकुशी लोक राहतात. न लावता उगवलेली अशी रोपं ते खुरपताना ओळखतात आणि मुद्दाम राखतात. कंद भरेपर्यंत त्यांना वाढू देतात. मग उपटून बघतात आणि कंद पसंत पडले, तर त्यांच्या कांड्या पुढच्या लागवडीच्या बेण्यात घेतात.