मोहल्ल्यातला कॉम्प्युटर वर्ग : सुरुवात कुठून करायची?

२०२५ च्या जून महिन्यात आम्ही एका लग्नासाठी दापोलीकडच्या गावात होतो. त्या गावात मोबाइलला रेंज नाही. मशिदीच्या मागच्या चढावर गेलं तर एखादी कांडी दिसते. संध्याकाळी तिथे जाऊन उभे राहिलो आणि एकामागून एक मेसेज यायला लागले. एकाच नंबरावरून सतरा मिस्ड कॉल. आमच्याच शाळेतून दहावी झालेल्या एका मुलीच्या आईचे.

अकरावीच्या प्रवेशाचा पसंतीक्रम बदलायचा तो शेवटचा दिवस होता. त्या वर्षापासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. आधी ते मुंबई, पुणे, नाशिक अशा मोठ्या शहरांपुरते होते, त्यामुळे आमच्याकडे सगळ्यांनाच ते नवीन. मुलीला पासवर्ड आठवत नव्हता. नवीन पासवर्डसाठी ओटीपी हवा होता, आणि तो ओटीपी येत होता आमच्या मोबाइलवर. फॉर्म भरताना आम्हीच आमचा नंबर टाकला होता. 'टीचरचाच टाका, आमचा फोन रिचार्ज नसतो' असं तिची आई म्हणाली होती, आणि आम्हालाही ते सोपं वाटलं होतं.

आम्ही फोन केला तेव्हा मुदत उलटून गेली होती. त्या फेरीत जे कॉलेज मिळालं ते घेऊन ती मुलगी आता रोज एसटीनं जाऊन-येऊन दोन तास घालवते. तिच्या आईनं आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही. उलट 'टीचर, तुम्ही होता म्हणून फॉर्म तरी भरला गेला' असं म्हणाली. ते वाक्य जास्त लागलं.

आमच्यासारखे शिक्षक, सायबरवाले, मोहल्ल्यातली शिकलेली दोन-चार मुलं गेली कित्येक वर्षं लोकांचे फॉर्म भरत आलो आहोत. स्कॉलरशिप, आधारची दुरुस्ती, हजचा अर्ज, उत्पन्नाचा दाखला. खिदमत म्हणून भरले, आणि ती खिदमत खरीच होती. पण त्यात आम्ही कुणाला काही शिकवलं नाही. लोकांचे नंबर, ईमेल, पासवर्ड आमच्याकडे राहिले आणि लोक आमच्यावर अवलंबून राहिले. या प्रकारानंतर जमातीच्या हॉलमध्ये कॉम्प्युटरचा वर्ग सुरू करायचं ठरलं. तो कसा चालला, कुठे चुकला आणि दुसऱ्या मोहल्ल्यात कुणाला असा वर्ग काढायचा असेल तर काय बघावं, ते इथे सांगतो.

जमातीच्या सभेत पहिला प्रश्न आला तो अपेक्षितच होता. मोबाइल आहे ना हातात, मग बायकांना कॉम्प्युटर कशाला? आमच्या कोकणात निम्म्या घरांतले पुरुष कुवेत, दुबई, कतारला. पैसे येतात बायकोच्या खात्यात. बँकेची केवायसी, लाइट बिल, घरपट्टी, मुलांच्या शाळेचे फॉर्म हे सगळं बघते ती बाई. तिला फक्त व्हिडिओ कॉल लावता येतो म्हणून काम भागत नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३८ टक्के बायकांनीच कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं होतं. पुरुषांमध्ये ते प्रमाण ६१ टक्क्यांच्या पुढे होतं. आता मोबाइल वाढलेत हे खरं. पण रील बघणं वेगळं आणि फॉर्म भरणं वेगळं.

हे मुलांनाही लागू आहे बरं का. 'आमच्या पोराला सगळं येतं' असं प्रत्येक आई सांगते. त्याच पोराला आम्ही सांगितलं, मार्कशीट स्कॅन कर, पीडीएफ कर आणि ईमेलला जोडून पाठव. बारावीचा मुलगा, अर्धा तास बसला आणि शेवटी फोटो काढून व्हॉट्सअॅपवर टाकला.

हॉलमध्ये पाच कॉम्प्युटर जमले. सगळे वापरलेले, त्यातले तीन चालू. सॉफ्टवेअर विकत घ्यायला पैसे नव्हते आणि चोरीचं टाकायचं नव्हतं, म्हणून लिबरऑफिस घेतलं. ते मोफत मिळतं, आणि पत्र लिहायला, तक्ते करायला पुरून उरतं. नेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. वेळ दुपारी जोहरनंतर ते असरपर्यंत, कारण तेवढाच वेळ बायकांना मोकळा मिळतो. शिकवायला मोहल्ल्यातल्याच कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली. हे एक फार बरं झालं. शेजारच्या घरातल्या मुलीला दहादा तोच प्रश्न विचारायला कुणाला लाज वाटली नाही.

पहिला महिना मात्र आम्ही वाया घालवला. शिक्षकाची सवय. फळ्यावर कॉम्प्युटरचं चित्र काढलं. हा मॉनिटर, हा सीपीयू, हे इनपुट, हे आउटपुट. वह्यांत व्याख्या लिहून दिल्या. एकोणीस बायका आल्या होत्या, तिसऱ्या आठवड्यात आठ राहिल्या. एक खाला जाताना हसत म्हणाल्या, "टीचर, मशीनच्या आत काय आहे ते मला कशाला? मला हजचा फॉर्म बघायचाय."

त्या दिवसापासून आम्ही उलट्या बाजूनं सुरुवात केली. प्रत्येकीनं घरातला एक अडलेला कागद घेऊन यायचं आणि जे शिकायचं ते त्या कागदासाठी.

खरी अडचण कुठे असते ते तेव्हा दिसलं. आमच्या वर्गातल्या बहुतेक जणी उर्दू माध्यमातून सातवी-आठवी शिकलेल्या. इंग्रजी अक्षरं येतात, पण छोटी एबीसीडी पक्की. कीबोर्डवर सगळी अक्षरं मोठी छापलेली. छोटा 'जी' शोधत बोट फिरत राहतं आणि समोरची मोठी 'जी' दिसूनही ओळखत नाही. ही गोष्ट आमच्या कुणाच्याच ध्यानात आली नव्हती. मग एका पुठ्ठ्यावर मोठं आणि छोटं अक्षर शेजारी शेजारी लिहून प्रत्येक कॉम्प्युटरला लावलं. कॅप्स लॉक आणि शिफ्ट यातला फरक, ईमेलमधलं ते गोल 'अॅट'चं चिन्ह शिफ्ट धरून दोनचं बटण दाबलं की येतं, यावर एक आख्खी दुपार गेली. गेली तर गेली. पासवर्ड 'चुकीचा आहे' असं येण्याचं निम्मं कारण तिथेच असतं.

ईमेल प्रत्येकीचा स्वतःचा उघडला, स्वतःच्या मोबाइल नंबरावर. पासवर्ड कुठेही लिहू नका असं बँका सांगतात. आम्ही मात्र लिहायला लावला. घरच्या वहीत, जी रेशन कार्डाबरोबर कपाटात राहते. विसरलेल्या पासवर्डानं आमच्याकडे जेवढं नुकसान केलंय तेवढं कपाटातल्या वहीनं केलेलं नाही. फक्त तो मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायचा नाही आणि व्हॉट्सअॅपवर कुणाला पाठवायचा नाही.

ओटीपीचा धडा सगळ्यात कठीण. बाईला एकीकडे सांगितलं जातं की ओटीपी कुणालाच सांगायचा नाही, आणि सायबरमध्ये बसली की तिथला मुलगा म्हणतो, 'खाला, ओटीपी बोला.' दोन्ही गोष्टी तिच्यासाठी खऱ्या. मग तिनं ठरवायचं कसं? आम्ही एवढंच शिकवलं की आकडा वाचण्याआधी मेसेज पूर्ण वाचायचा. तो कुठून आला, कशासाठी आला ते त्यात लिहिलेलं असतं. आपण आत्ता स्वतः काही भरत नसताना आलेला ओटीपी म्हणजे दुसरं कुणीतरी आपल्या नावानं काहीतरी करतंय. एका ताईंना केवायसी बंद पडणार म्हणून फोन आला होता, तेव्हा त्यांनी मेसेज वाचला. त्यात पैसे काढण्याचा उल्लेख होता. फोन ठेवून दिला. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा, हा आकडा सगळ्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर आहे.

मग आली नावं. आपल्या समाजात हे दुखणं फार जुनं आहे. आधारवर शेख एका स्पेलिंगनं, शाळेच्या दाखल्यावर दुसऱ्या, बँकेत नुसतं 'एसके'. मोहम्मदचे तर चार-पाच प्रकार. लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, मागे बी, बानो, बेगम. माणसाला कळतं की ही एकच बाई आहे, पोर्टलला कळत नाही. नाव जुळलं नाही की अर्ज अडकतो, आणि स्कॉलरशिपचे पैसे का आले नाहीत ते घरात कुणालाच कळत नाही. तक्ते करायला शिकवायचं होतंच. तर पहिला तक्ता यावरच काढला. एका रकान्यात कागदाचं नाव, पुढे त्यावरचं स्पेलिंग जसंच्या तसं, पुढे जन्मतारीख. घरातल्या प्रत्येक माणसाचा एक तक्ता. एका घरात सहा जणांपैकी चौघांचं नाव कुठे ना कुठे वेगळं निघालं. कुठला कागद आधी दुरुस्त करायचा हे तक्ता समोर असला की ठरवता येतं. दाखल्यावरचं नाव शाळेत दुरुस्त होतं, ते मुलगी शाळेत असतानाच करून घ्यावं, नंतर चकरा फार पडतात.

फोटो आणि कागद छोटे करणं ही पुढची पायरी. फॉर्म सांगतो फोटो २० ते ५० केबीच्या आत हवा. मोबाइलनं काढलेला फोटो त्याच्या पन्नास-शंभर पट मोठा असतो. केबी म्हणजे काय हे आम्ही पिशवीच्या मापानं सांगितलं आणि फोटो लहान करून दाखवला. सायबरमध्ये याच कामाचे वेगळे पैसे घेतात.

ज्यांना उर्दू किंवा मराठी टाइप करायचं होतं त्यांनाही थोडं शिकवलं. इनपेज १९९४ पासून आहे आणि उर्दू छपाईचं मोठं काम त्यानं केलं, पण जुन्या इनपेजमध्ये लिहिलेलं तसंच उचलून ईमेलमध्ये टाकलं तर अक्षरांचा चुरा होतो. मराठीच्या जुन्या फाँटचंही तेच. म्हणून सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहायची सवय लावावी. मोबाइलवर जे उर्दू-मराठी लिहितो ते युनिकोडच असतं, त्यामुळे वाटतं तेवढं अवघड नाही.

आमच्या वर्गाचं सर्टिफिकेट मिळत नाही, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावं. नोकरीसाठी कागद हवा असेल तर एमएस-सीआयटी आहे. एमकेसीएलचा हा कोर्स २००१ पासून चालतो आणि सरकारी नोकरीत तो मागतात. उर्दू येणाऱ्या मुला-मुलींसाठी उर्दू कौन्सिलचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, त्यात अकाउंटिंग आणि उर्दू डीटीपी दोन्ही येतं. जवळपास केंद्र आहे का ते बघावं. खेड्यांसाठी प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान होतं, वीस तासांचं, घरटी एक माणूस. ते मार्च २०२४ ला संपलं. आमच्या वर्गात तिघींकडे त्याचं सर्टिफिकेट होतं. माऊस धरता येत नव्हता. वीस तास कमी पडतात असं आमचं मत आहे. सराव नसेल तर चाळीसही पडतील. म्हणून शिकवण्याचे तास संपल्यावरही आठवड्यातून दोन दुपारी हॉल नुसता उघडा ठेवतो. ज्याला जे काम असेल ते येऊन स्वतःच्या हातानं करावं. मुली बाजूला बसतात, माऊसला हात लावत नाहीत. हा नियम पाळणं आम्हालाच सगळ्यात जड गेलं.

हजचा फॉर्म बघायचाय म्हणणाऱ्या खाला परत आल्या. हज कमिटीचा अर्ज पोर्टलवर किंवा हज सुविधा अॅपवर भरता येतो. खालांनी तो भरला नाही, अजून पैसे जमायचेत. पण कुठले कागद लागतात ते स्वतः वाचून पासपोर्टची मुदत तपासली. मग एका दुपारी विचारलं, की सातबारा पण इथेच दिसतो का?

दिसतो. भूलेखच्या साइटवर जिल्हा, तालुका, गाव निवडायचं, गट नंबर टाकायचा किंवा नावानं शोधायचं. नुसता बघायला पैसे पडत नाहीत, डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. खालांनी माहेरचं गाव निवडलं. वडिलांना जाऊन बारा वर्षं झालीत. गट नंबर त्यांना पाठ होता, लहानपणी त्याच कलमांच्या बागेत खेळल्या होत्या. उतारा उघडला. अक्षरं मराठीत होती, त्यांनी बोट ठेवत ठेवत वाचली. तिन्ही भावांची नावं होती. दोघी बहिणींची नव्हती.

बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग खालांनी प्रिंट मागितली, चौघडी करून पर्समध्ये ठेवली. उताऱ्यावर फेरफाराचे नंबर असतात, ते त्यांनी वहीत उतरवून घेतले आणि म्हणाल्या, "टीचर, पुढच्या आठवड्यात हा फेरफार कसा बघायचा ते शिकवा."

आम्हाला येत नव्हतं. रविवारी बसून शिकून घेतलं.