दिष्ट विद्युतधारेच्या मापनासाठी अल्पखर्चिक क्लॅम्प मीटरची निवड : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या संदर्भात

प्रस्तावना

सातारा जिल्ह्यातील माण व खटाव आणि सांगली जिल्ह्यातील आटपाडी व जत हे तालुके अवर्षणप्रवण म्हणून ओळखले जातात. २०१९ मधील प्रधानमंत्री कुसुम योजना आणि २०२४ मधील ‘मागेल त्याला सौर कृषीपंप’ योजना यांमुळे अशा भागांतील शेतीत सौर पंपांना महत्त्व प्राप्त झाले आहे. दुसरीकडे, महाविद्यालयांची कार्यालये, संगणक कक्ष व प्रयोगशाळा यांत इन्व्हर्टर आणि बॅटऱ्या ही नित्याची साधने झाली आहेत. या दोन्ही ठिकाणी वाहणारी धारा दिष्ट, म्हणजे डी.सी. असते. तिचे मापन सुरक्षितपणे करता येईल असे उपकरण मर्यादित अनुदानात कसे निवडावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

क्लॅम्प मीटरची आवश्यकता

साध्या मल्टिमीटरने धारा मोजावयाची असल्यास परिपथ तोडून उपकरण एकसरीत जोडावे लागते. अशा मीटरची मर्यादा बहुधा १० अँपिअर असते. सौर पंपाच्या बाबतीत ही पद्धत धोकादायक ठरते. उदाहरणादाखल, ३३० वॅटची १५ पॅनेल एकसरीत असल्यास त्यांचे खुल्या परिपथातील विभवांतर ६५० व्होल्टपेक्षा अधिक भरू शकते. प्रत्यावर्ती धारा प्रत्येक आवर्तनात दोनदा शून्यावर येते, त्यामुळे तिची ठिणगी विझण्यास मदत होते. दिष्ट धारा शून्यावर येत नाही. म्हणून भार चालू असताना जोडणी सोडविल्यास निर्माण होणारी ज्वाला टिकून राहते आणि भाजण्याचा वा आगीचा धोका संभवतो. आवरण शाबूत असलेल्या तारेभोवती जबडा बसवून, परिपथ न तोडता, मापन करणे हा त्यावरील योग्य मार्ग होय.

कार्यतत्त्व व खरेदीतील सापळा

स्वस्त क्लॅम्प मीटरचा जबडा रोहित्राप्रमाणे कार्य करतो. फॅरेडे यांच्या प्रवर्तन नियमानुसार बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळेच वेटोळ्यात विभवांतर निर्माण होते. दिष्ट धारेचे क्षेत्र स्थिर असल्याने असे मीटर केवळ शून्य दर्शविते. दिष्ट धारा मोजणाऱ्या मीटरच्या जबड्यात एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर आधारित संवेदक असतो व तो स्थिर क्षेत्रही ओळखतो.

खरेदीत सर्वाधिक फसगत येथेच होते. बाजारात सर्वत्र मिळणारे डीटी २६६ हे मीटर दिष्ट विभवांतर मोजते, परंतु दिष्ट धारा मोजत नाही. वेष्टनावर ‘डी.सी.’ अशी अक्षरे दिसतात आणि ग्राहकाचा गैरसमज होतो. म्हणून मीटरच्या चकतीवर अँपिअरच्या खुणेशेजारी केवळ नागमोडी रेषा आहे की सरळ रेषाही आहे, हे प्रथम पाहावे.

निवडीचे निकष

१) मापनकक्षा : एकाच सरीतील पॅनेलची धारा सामान्यतः पॅनेलगणिक ठरते, वरील पॅनेलसाठी ती ९ अँपिअरच्या आसपास असते. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ८०० वॅट भार घेतल्यास ६७ अँपिअर, आणि इन्व्हर्टरमधील व्यय धरून त्याहून अधिक धारा वाहते. या दोन्ही कामांस १०० अँपिअरचे मीटर पुरते. ट्रॅक्टर सुरू होतानाची धारा मोजण्यास मात्र ४०० ते ६०० अँपिअरची कक्षा लागते.

२) अचूकता : केवळ टक्केवारी पाहणे पुरेसे नाही. २० अँपिअर कक्षेत, ०.०१ अँपिअर विभेदनक्षमतेसह, त्रुटी ‘२ टक्के अधिक ५ अंक’ असल्यास ८ अँपिअरच्या वाचनात ०.२१ अँपिअरचा फरक संभवतो. ६०० अँपिअर कक्षेत, ०.१ अँपिअर विभेदनक्षमतेसह, ‘२.५ टक्के अधिक ५ अंक’ त्रुटी असल्यास तोच फरक ०.७ अँपिअर, म्हणजे जवळजवळ ९ टक्के होतो. मोठी कक्षा म्हणजे उत्तम मीटर, हा समज त्यामुळे चुकीचा ठरतो.

३) शून्य समायोजन : जबड्यातील अवशिष्ट चुंबकत्व व पृथ्वीचे क्षेत्र यांमुळे धारा नसतानाही अंक दिसतो. शून्य करण्याची कळ असणे अनिवार्य मानावे आणि ती प्रत्येक मापनापूर्वी, मीटर मापनाच्याच जागी व त्याच दिशेत धरून वापरावी.

४) सुरक्षितता : मीटरच्या टोकांची विभवांतर मर्यादा ६०० व्होल्ट असल्यास वरील सौर सरीचे विभवांतर त्याने मोजू नये.

अल्पखर्चिक मीटरांपैकी युनि-टी कंपनीचे यूटी २१० ई हे २, २० व १०० अँपिअर अशा तीन कक्षा देते. २ अँपिअर कक्षेतील त्याची विभेदनक्षमता १ मिलिअँपिअर आहे. तथापि, त्याचा जबडा १७ मिलिमीटर इतकाच उघडतो.

प्रयोगशाळेतील पडताळणी

नवीन मीटर महाविद्यालयातच तपासता येते. तारेचे १० वेढे जबड्यातून घेऊन त्यांतून १.५ अँपिअर स्थिर धारा सोडल्यास मीटरने १५ अँपिअर दर्शवावयास हवेत. एकसरीत जोडलेल्या विश्वसनीय मल्टिमीटरशी हे वाचन ताडून पाहावे. त्यानंतर तार उलट दिशेने घेऊन चिन्ह बदलते का, हेही पाहावे. जाणारी व येणारी अशा दोन्ही तारा एकत्र धरल्यास वाचन शून्याजवळ आले पाहिजे. प्रत्यक्ष मापनात एकच तार का धरावी, हेही त्यावरून विद्यार्थ्यांस उमगते.

निष्कर्ष

मीटरची किंमत हा निवडीचा शेवटचा निकष असावा. दिष्ट धारा मोजण्याची क्षमता, अपेक्षित धारेस अनुरूप कक्षा, शून्य समायोजन आणि सुरक्षितता यांच्या कसोटीस उतरणाऱ्या मीटरांतूनच स्वस्त मीटर निवडावे. सौर पंपाच्या समांतर सरींपैकी एक बंद पडल्यास पाणी कमी येते, परंतु दोष दिसत नाही. प्रत्येक सरीची धारा त्याच उन्हात मोजल्यास तो काही मिनिटांत उघड होतो. महाविद्यालयात पडताळलेले एक मीटर आणि ते वापरू जाणणारे विद्यार्थी परिसरातील शेतकऱ्यास या कामी निश्चितच साहाय्यभूत ठरू शकतात.